ओतूरचे बाबा
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)

मंडळी, मी मूळचा बोरी बुद्रुकचा. आमच्याच जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचे डॉ. अनिल अवचट २७ जानेवारी २०२२ ला गेले. लेखक म्हणून ते तुम्हाला माहीत आहेतच. मला आठवतात ते मुक्तांगणचे 'बाबा'. गर्दच्या व्यसनावर त्यांनी लिहिलं, ते वाचून पु.ल. आणि सुनीताबाईंनी एक लाख रुपये दिले आणि १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र सुरू झालं. रोजचा भार मात्र डॉ. सुनंदाताईंनी उचलला.

आमच्या शाखेत एक शिपाई होता. फार प्यायचा. मी त्याला तीन मेमो दिले, चौथा टाइप करून ड्रॉवरमध्ये ठेवला. शेवटी बायकोनंच त्याला मुक्तांगणला नेलं. वर्षानं त्यानं मला तिथं वाढदिवसाला बोलावलं. दारू सोडल्याचा वाढदिवस बरं का! बाबा पेशंटांमध्ये बसून कागदाच्या घड्या घालत होते. शिपायानं "आमचे साहेब" म्हणून ओळख करून दिली. मेमोबद्दल एक अक्षर काढलं नाही. मला मान वर करवेना.

चौथा मेमो दुसऱ्या दिवशी फाडला.

आपल्या सोसायटीत कुणाच्या घरी हा त्रास असेल, तर रात्री-अपरात्री माझी बेल वाजवा. मी सोबत येईन. कमिटीला कळणार नाही.