भुसा, प्लास्टिक आणि दुभाषी

लखनौच्या गोमती नगरात आमच्या इमारतीच्या गच्चीवर एक बाक आहे. दिसावयास सागवानी, वस्तुतः टाकाऊ प्लास्टिक आणि लाकडाचा भुसा यांच्या मिश्रणाचा. दोन पावसाळे झाले, फळ्यांची टोके फुगली, स्क्रू ढिले झाले. शेजारच्या गृहस्थांनी निवाडा दिला, “जुने प्लास्टिक, दुसरे काय होणार!” मी तुटलेली कड भिंगाखाली पाहिली. लाकडाचे तंतू अखंड, जणू म्यानातून उपसलेले. त्यांच्या जागी प्लास्टिकमध्ये रिकाम्या खोबणी. त्या दोघांचे कधी जुळलेच नव्हते.

जुळावे तरी कसे? लाकडातील सेल्युलोजला पाण्याची ओढ, पॉलिप्रोपिलीनला पाण्याचे वावडे. वितळलेले प्लास्टिक तंतूभोवती पसरते, पण त्याला धरीत नाही; अळवावरच्या पाण्यासारखीच ती गत. म्हणून मध्यस्थ लागतो. लखनौत नव्याने आलेल्या मराठी माणसाला दुभाषी लागतो, तसाच. पॉलिप्रोपिलीनच्याच साखळीला मॅलेइक अनहायड्राइडचा रेणू जोडला, की तो रेणू लाकडातील हायड्रॉक्सिल गटाशी रासायनिक बंध करतो आणि साखळीची लांब शेपटी प्लास्टिकमध्ये गुंतून बसते. वजनाच्या साधारण 2 ते 5 टक्के एवढाच हा मसाला. बंगळूरच्या काष्ठविज्ञान व तंत्रज्ञान संस्थेने या विषयावर बरेच काम केले आहे.

पण हा दुभाषी मोठा मानी. भुसा दमट असेल तर तो पाण्याशीच बोलत बसतो. शिवाय वाफेचे बुडबुडे फळी पोकळ करतात. लखनौच्या श्रावणात वखारीतला भुसा किती कोरडा असेल, याची कल्पना आपण करावी! माल साचातून सहज सरकावा म्हणून झिंक स्टिअरेट घालतात. तेही त्याच्या कामात विघ्न आणते. दुधाच्या पिशवीचे पॉलिएथिलीन निराळे, त्याला दुभाषीही त्याच्या जातीचा हवा. पाण्याची बाटली तर येथे निरुपयोगीच: ती सुमारे 250 अंशांना वितळते आणि लाकूड 200 अंशांपुढे करपू लागते. तेव्हा फळीचे बळ कबाडीवाल्याच्या निवडीपासूनच ठरू लागते, आणि त्या निवडीला आपण काय भाव देतो हे आपण जाणतोच.

दुभाषी वगळला तर कारखानदाराचे पैसे वाचतात. विक्रीच्या दिवशी दोन्ही बाक सारखेच दिसतात. आमच्या बाकाचा एक तुकडा मी सोनाराच्या काट्यावर तोलून पाण्यात बुडवून ठेवला आहे. येत्या रविवारी तो पुन्हा तोलणार आहे. शेजारच्या गृहस्थांनाही बोलावले आहे.