घरांतील पाण्याची गळती व गळतीसूचक यंत्रें

कौलारू घरांत राहणाऱ्या माणसाला गळतीची ओळख निराळ्या तऱ्हेनें होत असे. मृगाचा पहिला पाऊस पडला, कीं माजघरांत थेंब कोठें पडतो हें साऱ्या घराला कळे. त्याखालीं घंगाळ अगर पातेलें ठेवलें जाई आणि पाऊस उघडल्यावर कौलें परतण्यासाठीं माणूस वर चढे. गळती वरून येई, ती दिसे, आणि तिचा त्रास ज्याचें घर त्यालाच होई. बहुमजली इमारतींत या तिन्ही गोष्टी पालटल्या आहेत. नळ भिंतींत पुरलेले असतात, पाणी फरशीखालून वाट काढीत जातें, आणि गळतें वरच्या बिऱ्हाडांत तर डाग उमटतो खालच्याच्या छतावर. दोन शेजाऱ्यांमधील अबोला पुष्कळदां या डागापासूनच सुरू होतो.

हा डाग उमटण्यापूर्वीच वर्दी देणारीं यंत्रें आतां बाजारांत मिळतात. त्यांची किंमत कांहीं शें रुपयांपासून कित्येक हजारांपर्यंत असते, आणि महाग तें अधिक चांगलें अशा समजुतीनें खरेदी करणारा गृहस्थ येथें हमखास फसतो. कारण प्रत्येक यंत्र गळतीचा एकच प्रकार ओळखतें. दुसऱ्या प्रकाराच्या बाबतींत तें आंधळें असतें.

सर्वांत साधें यंत्र मुठींत मावेल एवढें असतें. त्याच्या बुडाशीं धातूचीं दोन टोकें उघडीं ठेवलेलीं असतात. तीं कोरडीं आहेत तोंवर त्यांमधून वीज वाहत नाहीं; पाणी पसरून दोन्ही टोकांना भिडलें, कीं त्यांत विरघळलेल्या क्षारांमुळें सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि घंटा वाजूं लागते. गच्चीवरील टाकी भरली म्हणजे ओरडणारा जो गजर अनेक घरीं बसविलेला असतो, त्याच्या पुष्कळशा नमुन्यांचें तत्त्व हेंच. फरक इतकाच, कीं तो पाणी हवें तेथें आल्याचें सांगतो, आणि हा नको तेथें आल्याचें. यावरून एक गोष्ट ध्यानांत यावी. विजेला वाट देतात ते क्षार. निव्वळ शुद्ध पाणी तिला फारशी वाट देत नाहीं. वातानुकूलन यंत्रांतून ठिबकणारें, किंवा शुद्धीकरण यंत्रानें क्षार काढून टाकलेलें पाणी नळाच्या पाण्याहून मंद वाहक असतें. ज्या कोपऱ्यांत असें पाणी सांडण्याचा संभव असेल, तेथें ठेवावयाचें यंत्र घरीं आणल्याबरोबर त्याच पाण्याच्या चमच्यानें पारखून घ्यावें. नळाच्या पाण्यानें वाजलें म्हणून त्याही पाण्यानें वाजेलच, असें धरून चालूं नये.

दुसरी पारख टोकांच्या उंचीची आहे. यंत्राला खालून उंच पाय असले, तर पाणी तितकें चढेपर्यंत तें गप्प राहतें. आणि आपल्याकडील फरशीवर पाणी सहसा चढत नाहीं, तें उतारानें निघून जातें. म्हणून टोकें जमिनीला जितकीं जवळ तितकें बरें. जागेच्या निवडींतही हाच विचार करावा लागतो. न्हाणीघराच्या जमिनीला न्हाणी ट्रॅपकडे उतार दिलेला असतो. तेथें ठेवलेलें यंत्र एक तर रोज आंघोळीच्या वेळीं उगाच वाजतें, नाहीं तर कोपऱ्यांत कोरडें बसून राहतें. त्याची खरी जागा उंबऱ्याबाहेर. ओट्याखालीं सिंकच्या सांध्याजवळ, शुद्धीकरण यंत्राच्या बारीक नळीखालीं, कपडे धुण्याच्या यंत्रामागें, गिझरच्या जोडणीखालीं अशा जागा शोधतांना लोटाभर पाणी फरशीवर हळूच ओतून तें कोणीकडे धांवतें हें पाहावें, आणि त्या वाटेवर यंत्र ठेवावें. हा प्रयोग कोणतेंही माहितीपत्रक सांगत नाहीं, पण त्यावांचून यंत्र ठेवणें म्हणजे चोर मागील दारानें येत असतां पहारेकरी पुढील दारीं बसविण्यासारखें आहे. पाण्याची वाट एक नसून अनेक असतील, तर दोरीसारखा लांब सूचक घ्यावा. त्याच्या लांबींत कोठेंही पाणी लागलें तरी तो वर्दी देतो. मात्र फरशी पुसतांना तो उचलून ठेवण्याची संवय घरांतील सर्वांना हवी.

उघडी राहिलेली तोटी ही गळती नव्हे, असें एखादा शब्दांचा काटेकोर जाणता म्हणेल. परंतु ज्या वस्तींत पाणी ठराविक वेळींच येतें, तेथें घर बुडविण्याचें काम पुष्कळदां हीच तोटी करते. कोणी ती फिरवून पाहतो, पाणी नाहीं म्हणून तशीच सोडतो, आणि दाराला कुलूप घालून निघून जातो. मिनिटाला १० लिटर पाणी पडतें असें धरलें, तर १,००० लिटरांची टाकी १०० मिनिटांत रिकामी होते. केंद्र सरकारच्या नागरी पाणीपुरवठ्याच्या १९९९ सालच्या नियमपुस्तिकेंत भुयारी गटारें असलेल्या शहरांसाठीं दर माणशीं दररोज १३५ लिटरांचें मान धरलें आहे. त्या हिशेबानें चौघांच्या कुटुंबाचें जवळजवळ दोन दिवसांचें पाणी पावणेदोन तासांच्या आंत वाहून गेलें. आणि न्हाणी ट्रॅप केसांनीं तुंबलेला असेल, तर तें दिवाणखान्यांतून गेलें. येथें जमिनीवरील साधें यंत्र आपलें काम चोख करतें.

याच्या उलट सेकंदाला एक थेंब गाळणारा सांधा घ्यावा. दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तरी चार लिटरांहून अधिक पाणी झालें. घराच्या खर्चांत चार लिटर म्हणजे कांहींच नव्हे. परंतु हें पाणी भिंतींत महिनोन्‌महिने मुरत राहिलें, म्हणजे काँक्रीटमधील लोखंडी सळया गंजतात, गंजून फुगतात, आणि फुगतांना भोंवतालचें काँक्रीट फोडतात. अधिक नुकसान करणारी गळती ही. आणि जमिनीवर ठेवलेल्या यंत्राला तिचा पत्ताही लागत नाहीं.

अशा गुप्त गळतीसाठीं यंत्र घेण्यापूर्वी दोन बिनखर्चाच्या परीक्षा कराव्या. घराला स्वतंत्र मीटर असेल, तर रात्रीं सर्व तोट्या बंद करून त्यावरील आंकडा टिपून ठेवावा. पहांटे तो सरकलेला दिसला, तर पाणी कोठें तरी जात आहे. घरांत साठवणीची टाकी असेल, तर ती आधीं भरून घ्यावी, नाहीं तर बॉलकॉकमधून टाकींत पडणारें पाणी गळतीच्या नांवावर मांडलें जाईल. दुसरी परीक्षा फ्लशच्या टाकीची. तींत खाण्याचा रंग घालून अर्धा तास फ्लश न करतां थांबावें. भांड्यांत रंग उतरला, तर झडप गळकी आहे. हें पाणी थेट गटारांत जात असल्यामुळें जमिनीवरील कोणताही सूचक तें पकडूं शकत नाहीं. खालच्या बिऱ्हाडांतील डागाकडेही नीट पाहावें. तो रात्रंदिवस सारखाच ओला असेल, तर दाबाखालील नळाचा संशय घ्यावा; आंघोळी आटोपल्यावर वाढून दुपारीं सुकत असेल, तर दोष सांडपाण्याच्या वाटेंत अगर फरशीखालील जलरोधक थरांत आहे. या दुसऱ्या प्रकारावर विजेवर चालणारें यंत्र विकत घेणें व्यर्थ होय. तेथें गवंडीच बोलवावा लागतो.

नळावर बसवून प्रवाह मोजणारीं व अवाजवी प्रवाह दिसतांच पाणी आपोआप तोडणारीं यंत्रें हीं सर्वांत महाग. परदेशांतील घरांत रस्त्यावरील दाबाचें पाणी एकाच नळानें आंत येतें, आणि तीं त्याच व्यवस्थेसाठीं योजिलेलीं असतात. आपल्याकडे गच्चीवरील टाकींतून न्हाणीघराचा एक, स्वयंपाकघराचा एक, संडासाचा एक असे वेगवेगळे नळ खालीं उतरतात. एकावर व्हॉल्व्ह बसविला, तरी बाकीचे मोकळेच राहतात. शिवाय टाकी तीन मीटर उंचीवर असेल, तर तिचा दाब ०.३ बार एवढाच भरतो. म्हणून वरच्या मजल्यावरील गृहस्थानें यंत्र किती दाबापासून चालतें, व गढूळ पाण्यांतील रेतीनें त्याची चक्री अडकते काय, हें लेखी विचारल्यावांचून पैसे देऊं नयेत. स्वतंत्र बंगला व त्याचा एकच नळ असेल, तर मात्र हें यंत्र किमतीला उतरतें.

राहिला प्रश्न वर्दी कोणाला द्यावयाची याचा. एखादें कुटुंब गणपतीसाठीं आठ दिवस कोंकणांत गेलें, तर बंद दाराआड वाजणारी घंटा ऐकणार कोण? भ्रमणध्वनीवर संदेश पाठविणारीं यंत्रें यासाठींच निघालीं आहेत. परंतु संदेश घराच्या वाय-फायवरून जात असल्यामुळें, जातांना सर्व बटणें बंद करण्याची जुनी शिस्त पाळणाऱ्याच्या घरून तो निघतच नाहीं; वीज गेली, तरी तोच प्रकार. आणि संदेश पोंचला, तरी किल्ली शेजारीं ठेवलेली नसेल, तर रत्नागिरीस बसून गृहस्थानें करावयाचें काय? लांबच्या प्रवासाला निघतांना प्रत्येक नळाचा मुख्य कॉक फिरवून बंद करणें याला खर्च नाहीं. तो वर्षानुवर्षें न फिरविल्यानें जाम झालेला असेल, तर यंत्रापूर्वी प्लंबर बोलवावा. किल्ली ज्यांच्याकडे ठेवावयाची, त्या शेजाऱ्यांना कॉकची जागा एकदां प्रत्यक्ष दाखवून ठेवावी. वरून पाणी दिव्याच्या अगर विजेच्या पेटीपर्यंत आलें असेल, तर ओल्या हातांनीं व ओल्या जमिनीवर उभें राहून बटणांना शिवूं नये, हेंही त्यांना सांगावें.

यंत्र घरीं आल्यावर दर महिन्याला एकदां ओल्या फडक्यानें त्याचीं टोकें भिजवून तें वाजतें कीं नाहीं तें पाहावें व टोकें पुसून कोरडीं करावीं; क्षारांचा पांढरा थर बसला असेल, तर तो खरवडून काढावा. सेल संपत आला म्हणजे बरींचशीं यंत्रें मधून मधून बारीक आवाज करतात. त्या आवाजाचा त्रास होतो म्हणून सेल काढून ठेवावा व नवा आणावयाचें विसरावें, असें अनेक घरीं घडतें. तेव्हां यंत्राबरोबरच सेलची एक जादा जोडी आणून ओट्याच्या खणांत ठेवावी.