चांदीच्या जाळीतून जास्तीचा प्रकाश

प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बऱ्याच लहान छिद्रातून प्रकाश जेमतेमच पार होतो, हे हान्स बेथे यांनी १९४४ साली गणिताने दाखवलं होतं. पुढे थॉमस एबेसन आणि सहकाऱ्यांनी चांदीच्या पातळ थरात अशाच सूक्ष्म छिद्रांची, सारख्या अंतरावरची जाळी कोरली. १९९८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी निष्कर्ष मांडला: काही ठरावीक तरंगलांबींचा प्रकाश छिद्रांवर थेट पडतो त्याहूनही जास्त पलीकडे पोचतो!

हे कसं घडतं? धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. जाळीवर प्रकाश पडला की पृष्ठभागावर त्यांच्या शिस्तबद्ध लाटा उठतात. यांना पृष्ठीय प्लाझ्मॉन म्हणतात. छिद्रांच्या मधल्या धातूवर पडलेली ऊर्जाही या लाटांवाटे छिद्रांपर्यंत येते आणि पलीकडे पुन्हा प्रकाशरूपात बाहेर पडते. सपाट, गुळगुळीत थरावर नुसता प्रकाश टाकून या लाटा उठत नाहीत. इथे ते काम जाळीची नक्षी करते.

छिद्रांमधलं अंतर बदललं की पार होणारा रंग बदलतो. धातूवर एखाद्या पदार्थाचे रेणू चिकटले, तरी तो किंचित सरकतो. म्हणूनच अशा जाळ्या अतिसूक्ष्म रंगगाळण्या आणि जैवसंवेदक म्हणून उपयोगी पडतात.