सुटी घ्यायची, पण दमायचे नाही
(ज्येष्ठ सभासदांच्या मासिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आरती झाली आहे, प्रसादाला अर्धा तास अवकाश आहे, आणि तेवढा वेळ अध्यक्षांनी मला दिला आहे. मी पस्तीस वर्षे डॉक्टरकी केली, त्यामुळे आज औषधांवर बोलेन असे तुम्हाला वाटले असेल. थोडे बोलेनही. पण खरा विषय आपल्या इंडियाच्या ट्रिपचा आहे.

नोव्हेंबर आला की इथल्या थंडीला कंटाळून आपण तिकिटे काढतो. जातो विश्रांतीला, आणि परत आल्यावर कोणी विचारले की म्हणतो, "अहो, आता घरी आलो, आता विश्रांती!" आमच्याही घरी हेच चालायचे. चार वर्षांपूर्वी मी २१ दिवसांचा कार्यक्रम आखला. त्यात भाचीचे लग्न, नाशिक, कोल्हापूर, अकरा घरी जेवणे, आणि शेवटी दोन दिवसांत अष्टविनायक. आठही ठिकाणे मिळून साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास प्रवास होतो. वहिनींनी मिनीबस ठरवली. पहाटे पाचला निघायचे. कागदावर सगळे छान दिसत होते.

आमच्या सौभाग्यवतींच्या हृदयाचे पंपिंग थोडे कमी आहे. त्यासाठी रोज सकाळी लघवीची गोळी असते. तुमच्यापैकी अनेकांना ती चालू आहे, मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही लेण्याद्रीला पोहोचलो. तिथे पायऱ्या तीनशेच्या घरात आहेत. चाळीस पायऱ्या झाल्या नाहीत तोच ही खाली बसली. धाप थांबेना. चपला काढल्या तर पावलांवर पट्ट्यांचे वळ उठलेले. मी विचारले, "गोळी घेतलीस ना?" तर म्हणाली, "अहो, गाडीत बसून बाथरूमचं काय करायचं? बायकांना कुठे सोय असते? दोन दिवसांनी काय होतंय?"

दोन दिवस नव्हतेच ते. विमानाच्या दिवशी घेतली नव्हती, कोल्हापूरच्या दिवशी नाही, लग्नाच्या दिवशी नाही. वर घरोघरचे लोणचे, पापड, फरसाण. मीठ अंगात पाणी धरून ठेवते, आणि ते बाहेर काढणारी गोळी बंद. पुण्यात दोन रात्री दवाखान्यात काढाव्या लागल्या. ती बरी झाली. पण तीन आठवडे तिच्या शेजारी बसून मी, एक डॉक्टर, तिच्या पायांकडे पाहिले नव्हते. मी घड्याळाकडे पाहत होतो.

ही गोळी प्रवासात बंद करायची नसते, तिची वेळ बदलता येते. फ्युरोसेमाइड पोटात गेल्यावर तासाभरात काम सुरू करते आणि साधारण सहा तासांत तिचा जोर ओसरतो. सकाळी बाहेर जायचे असेल तर परत आल्यावर दुपारी घेतली तरी बहुतेकांना चालते. मात्र निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना किंवा फार्मसिस्टला एकदा विचारा. विचारायला लाजू नका. हा प्रश्न त्यांना नवा नाही.

मागच्या वर्षी पुन्हा गेलो. या वेळी कार्यक्रम हिने आखला. पुण्यात नणंदेच्या घराजवळ लिफ्ट असलेला फ्लॅट तीन आठवड्यांसाठी भाड्याने घेतला. पहिले दोन दिवस कोणाकडे जायचे नाही, कोणी यायचे नाही. साडेपाच तासांचा फरक आपल्या वयात एका रात्रीत भरून निघत नाही. नंतर एक दिवस बाहेर, एक दिवस घरी. नातेवाइकांना एका रविवारी दुपारी एकत्र जेवायला बोलावले. काहीजण रागावले, नाही असे नाही. ८८ वर्षांच्या आत्या येऊ शकत नव्हत्या, म्हणून त्यांच्याकडे आम्ही गेलो आणि अख्खी दुपार बसलो. आधीच्या वेळी त्यांच्याकडे वीस मिनिटे थांबलो होतो, तेही चहा उभ्यानेच.

अष्टविनायकांपैकी फक्त मोरगाव केले. पुण्याहून साठ-पासष्ट किलोमीटर. चतुर्थी टाळून साध्या वारी सकाळी सातला निघालो, सभामंडपात तासभर निवांत बसलो, साडेबाराला घरी. एकला हिची गोळी. बाकीचे सात राहिले. एका स्नेह्यांनी मला ऐकवले की अर्धवट यात्रेला अर्थ नाही. मी धर्मशास्त्राचा जाणकार नाही, त्यांच्याशी वाद घातला नाही. कोल्हापूरची अंबाबाई मात्र राहिली, त्याची रुखरुख आम्हा दोघांनाही आहे.

आता विमानाचे. मुंबईपर्यंत नऊ तास. चार तासांपेक्षा जास्त वेळ बसून राहिले की पायाच्या नसेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून पोटऱ्या हलवा, अधूनमधून उठा. आयलची सीट मागा, म्हणजे शेजाऱ्याला उठवायचा संकोच नको. औषधे हातातल्या पिशवीत, मूळ डब्यांत, प्रिस्क्रिप्शनसह. इन्सुलिन घेणाऱ्यांचा जाताना दिवस लहान होतो, तेव्हा डोस आधी डायबेटिस नर्सकडून ठरवून घ्या. व्हीलचेअर किमान ४८ तास आधी कळवून मागा, तिचे पैसे पडत नाहीत. "मी काय म्हातारा झालो?" असे म्हणणारे आपले पुरुष मला पुढे गेटपाशी धापा टाकताना दिसतात. आणि विमा घेताना आजार लपवू नका. एनएचएस भारतातला खर्च देत नाही. आम्हाला पुण्याचा खर्च मिळाला, कारण हिचे पंपिंग फॉर्मवर लिहिलेले होते.

शेवटचे, आणि ज्यासाठी ट्रस्टने मला आज उभे केले ते. आपल्यात काही जण असे आहेत की त्यांच्यासाठी ही सगळी चर्चा निरर्थक आहे. कोणाच्या पत्नीला काही आठवत नाही, कोणाचे यजमान पक्षाघाताने अंथरुणावर आहेत. त्यांना इंडिया सोडा, केस कापायलाही निवांत जाता येत नाही. इंग्लंडमध्ये केअर ॲक्ट २०१४ प्रमाणे घरी काळजी घेणाऱ्याला कौन्सिलकडे स्वतःच्या गरजांची तपासणी मागता येते. बहुतेकांनी मागितलेली नाही. "आपल्याच माणसाचं करतोय, त्यात मागायचं काय?" असे म्हणतात. फॉर्म भरायला मी मदत करीन.

कौन्सिलचे उत्तर यायला वेळ लागतो, तोपर्यंत ट्रस्टची योजना अशी आहे: आठवड्यातून एक दुपार, दोन ते पाच, आपल्यापैकी कोणीतरी त्या घरी जाऊन बसायचे. औषध देणे, उचलणे असे काही करायचे नाही. गप्पा मारायच्या, चहा करायचा, गरज पडली तर फोन करायचा. घरची व्यक्ती तेवढ्यात बागेत जाऊन येईल, नाहीतर वरच्या खोलीत झोपेल. सध्या चार घरांनी मागणी केली आहे. ज्यांना वेळ देता येत नाही त्यांनी येण्याजाण्याच्या खर्चासाठी मदत दिली तरी चालेल, त्यासाठी वेगळी पेटी ठेवली आहे. नावे लिहायची वही प्रसादाच्या टेबलाशी आहे. मंगळवारची दुपार मी घेतली आहे, बाकीचे वार मोकळे आहेत.