सेल्फ फिरतो, गाडी का उठत नाही?

मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली. पण कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या खासगी पद्मिनी अजून हौशी मालकांनी जपल्या आहेत. सौंसर तालुक्यातल्या लोधीखेड्यात पावसाळ्यात अशी एखादी गाडी अडली, सेल्फ जोरात फिरतोय, टाकीत पेट्रोल आहे, तरी इंजिन उठत नाही, तर संशय इग्निशनच्या वायरिंगवर.

तपासायला १२ व्होल्टचा छोटा टेस्ट लॅम्प पुरतो. त्याचं एक टोक गाडीच्या बॉडीला लावायचं. चावी ऑन करून दुसरं टोक कॉइलच्या प्लसला टेकवायचं.

लॅम्प लागला नाही, तर बिघाड चावीच्या स्विचपासून कॉइलपर्यंतच्या वायरीत आहे. सैल थिंबल, हिरवा गंज, उंदरांनी कुरतडलेलं आवरण, हे आधी पाहावं.

लॅम्प लागला, तर टोक कॉइलच्या मायनसला न्यावं आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगावं. लॅम्प लुकलुकला, म्हणजे पॉइंट उघडझाप करताहेत. सतत पेटलेलाच राहिला, तर ते मिटत नाहीत किंवा त्यांवर काजळी आहे. अजिबात लागला नाही, तर पॉइंट चिकटलेत, कंडेन्सर शॉर्ट आहे किंवा कॉइलच आतून तुटली आहे.

हे सगळं ठीक असेल, तर डिस्ट्रिब्युटरची कॅप काढावी. आत ओल किंवा बारीक काळा तडा दिसला, की ठिणगी प्लगपर्यंत न जाता वाटेतच पळते. ओल कोरड्या फडक्याने पुसता येते. तडा गेलेली कॅप मात्र बदलावीच लागते.