गाडीची चाल

कांद्याच्या गोण्या वाहून म्हातारा झालेला पिकअप एका बाजूला ओढू लागला, की मालक थेट अलाइनमेंटला नेतो. पैसे जातात, गाडी ओढतच राहते. आमच्या मोहल्ल्यातले मिस्त्री चाचा आधी टायरवरून आडवा तळहात फिरवतात. एकीकडून गुळगुळीत आणि उलट फिरवल्यावर करवतीसारखं टोचलं, तर टो-इन बिघडलेलं. जागोजाग खळगे असतील तर बहुधा शॉकअॅब्सॉर्बर थकलेले. मग हवा सारखी करून पुढचे टायर अदलाबदल करायचे. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचाच.

नंतर चाक जॅकवर. वरखाली धरून हलवलं की बेअरिंग, किंगपिन, बॉल जॉइंट बोलतात. आडवं हलवलं की टायरॉडचे सांधे. सांधा ढिला ठेवून केलेली अलाइनमेंट चाचांच्या हिशेबात पहिल्या खड्ड्यापर्यंतची.

सर्वांत फसवा दोष मागे. यू-बोल्ट सैल पडले, पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला, की अख्खा एक्सल सरकतो. गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते, सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं. (मला एक मात्रा सरकलेली ओळ आठवते.) पाट्याच्या पुढच्या पिनेपासून एक्सलपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपनं मोजलं की चोरी पकडली जाते.

भरल्या गाडीनिशी घाट उतरायचा असतो, मागून पोराबाळांचं पोट असतं. म्हणून अलाइनमेंट विचारणाऱ्या ड्रायव्हरला चाचा उलट विचारतात, “भाऊ, यू-बोल्ट कधी आवळले होते?”