बेभरवशाचा चढाईपटू



मोसम तोंडावर आला की लालबाग-परळच्या प्रत्येक मंडळात एक प्रश्न हमखास निघतो: ‘पोरगा गुणी आहे, पण भरवशाचा नाही. घ्यायचा का?’ माझं उत्तर आधीच सांगतो. घ्या. पण त्याच्याआधी एक चांगला कोपरारक्षक घ्या.

कारण आपल्या कबड्डीच्या खेळातच आहे. फलंदाज बाद झाला की त्याचा डाव संपला. आपला चढाईपटू बाद झाला की बाहेर बसतो, आणि साथीदारांनी समोरचा गडी टिपला की परत आत येतो. त्याचा वाईट दिवस किती लांबणार, हे पुष्कळदा आपल्या पकडी ठरवतात. गुणतक्त्यात त्याचे चार गुण दिसतात; चाळीसपैकी अठरा मिनिटं तो बाकावर होता, हे दिसत नाही. म्हणून खेळाडू पारखताना मी हल्ली घड्याळ घेऊन बसतो.

आपल्या कोल्हापूरच्या सिद्धार्थ देसाईचंच बघा. २०१८ साली प्रो कबड्डीत यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांत घेतलं. पहिल्याच मोसमात त्याने चढाईचे २१८ गुण केले. त्याच संघात फझल अत्राचलीने पकडींचे ८३ गुण घेतले होते, हे मात्र फारसं कोणी बोललं नाही. २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सने सिद्धार्थसाठी १ कोटी ४५ लाख मोजले. त्याने २१७ गुण दिले. एका गुणाचा फरक, तरी संघ बारांत अकरावा! पुढच्या मोसमात तो सुरुवातीलाच जायबंदी झाला आणि टायटन्सना २२ सामन्यांत एकच विजय मिळाला. हा तर हुकमी चढाईपटू. मग धोका फक्त बेभरवशाच्या पोरातच असतो, असं आपण कसं म्हणायचं?

श्रमिक जिमखान्यावरची एक संध्याकाळ माझ्या डोळ्यांसमोर आहे. आम्ही नव्याने घेतलेला पोरगा, पायात वीज. पण दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला मध्यरेषा ओलांडण्याआधी तो मान वळवून आमच्या बाकाकडे बघायचा. तेवढ्यात समोरची साखळी सावध व्हायची. आधीच्या मंडळात एक चढाई फसली की त्याला लगेच बदलत असत. त्यातून रात्रपाळी करून थेट मैदानावर. आम्ही त्याला सांगितलं, आज काहीही झालं तरी तुला बाहेर काढणार नाही. तो सामना आम्ही हरलो. पुढचाही हरलो. चौथ्या सामन्यात तो बाकाकडे न बघता आत गेला.

गिरण्यांचे संघ होते, तेव्हा दोन सामने वाईट गेले तरी सोमवारी मस्टरवर नाव असायचं. १९८२ च्या संपानंतर ते छत्र गेलं. आज पोरगा एका मोसमाच्या मानधनावर खेळतो आणि गुडघा दुखला तरी लपवतो. आपण त्याला ‘लहरी’ म्हणून मोकळे होतो. मला याचं फार वाईट वाटतं.

आजच्या सभेच्या दुपारच्या सत्रात खेळाडूंच्या करारपत्राचा मसुदा तुमच्यासमोर येईल. जायबंदी खेळाडूचं मानधन मोसम संपेपर्यंत चालू ठेवावं, असं त्यातलं सहावं कलम आहे. खर्चाचं कारण सांगून ते वगळण्याची सूचना आली आहे. त्या सूचनेला माझा विरोध आहे, हे मी अध्यक्ष म्हणून इथेच नोंदवतो.